दुकानाची पाटी आणि कायद्याची अक्षरे

अमरावतीच्या राजकमल चौकातून जयस्तंभ चौकाकडे निघालेला किंवा अकोल्याच्या गांधी रोडवरून टिळक रोडकडे वळलेला माणूस रस्त्यापेक्षा पाट्याच अधिक वाचतो. सराफ, कापड, औषधे, बी-बियाणे, मोबाइल, शिकवणी वर्ग. कुठे पत्र्यावर रंगवलेला जुना बोर्ड, कुठे लोखंडी अँगलवर ताणलेला फ्लेक्स, कुठे ॲक्रिलिकची उठावाची अक्षरे आणि अंधार पडताच त्यांच्यामागे पेटणारे एलईडी. दुकानदाराच्या लेखी ही पाटी म्हणजे दुकानाचा चेहरा. कायद्याच्या लेखी मात्र ती एकाच वेळी तीन गोष्टी आहे. ती आस्थापनेचा नामफलक आहे, ती जाहिरात आहे आणि ती इमारतीला जोडलेली एक संरचनाही आहे. या तिन्हींसाठी कायदे निराळे आणि कार्यालयेही निराळी. पाटीवरील भाषा तपासण्याचे काम मुंबईत महापालिकेकडे असले, तरी राज्याच्या इतर बहुतेक भागांत ते कामगार विभागाकडे आहे. पाटी कुठे व कशी लावावी, हे मात्र महापालिका ठरवते. व्यापाऱ्यांचा गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो.

मराठी आधी, मराठी मोठी

मराठी पाट्यांचा नियम अलीकडचा आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली १९६१ साली जे नियम झाले, त्यांतील नियम २०-अ अन्वये नामफलक मराठीत असणे बंधनकारकच होते. २००८ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मुंबईत पाट्यांचे आंदोलन केले, तेव्हाही मागणी नव्या कायद्याची नव्हती. असलेल्या नियमाच्या अंमलबजावणीची होती. नियम कागदावर आणि इंग्रजी अक्षरे दर्शनी भागावर, अशी स्थिती कित्येक वर्षे चालली.

पुढे २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम आला आणि त्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले होते. उद्देश व्यवसायसुलभतेचा होता. पण त्यामुळे झाले असे की, बाजारपेठेतील बहुसंख्य लहान दुकाने मराठी पाटीच्या सक्तीतूनही निसटली. गांधी रोडवरील किंवा अमरावतीच्या जवाहर रोडवरील एखाद्या दुकानात मालक, त्याचा मुलगा आणि दोन-तीन नोकर एवढीच माणसे असतात. अशा दुकानांना वगळल्यावर नियमाला अर्थ तो काय उरणार? ही पळवाट बंद करण्यासाठी जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि मार्च २०२२ मध्ये कायद्यात कलम ३६-क दाखल झाले.

या कलमाचे म्हणणे मोजके आहे. कामगारांची संख्या कितीही असो, प्रत्येक आस्थापनेचा नामफलक मराठी भाषेत, देवनागरी लिपीत असला पाहिजे. त्याखेरीज इतर कोणत्याही भाषेत व लिपीत नाव लिहिण्यास मोकळीक आहे. मात्र मराठी अक्षरे फलकाच्या सुरुवातीला हवीत आणि त्यांचा आकार इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. ज्या आस्थापनेत मद्य विकले किंवा पुरवले जाते, तिच्या फलकावर थोर पुरुषांची, महनीय स्त्रियांची किंवा गडकिल्ल्यांची नावे लिहिण्यास मनाई आहे. अधिनियमाच्या उल्लंघनासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उल्लंघन चालू राहिल्यास दर दिवसाला दोन हजार रुपयांपर्यंत वाढीव दंडाची तरतूद आहे. एकूण रकमेला मात्र कामगारांच्या संख्येनुसार मर्यादा आहे.

व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने २३ फेब्रुवारी २०२२ रोजी ती याचिका २५ हजार रुपयांच्या खर्चासह फेटाळली. अन्य भाषांवर बंदी घातलेली नसताना समानतेच्या वा व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्काला बाध येतो कसा, हा निकालाचा गाभा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना व न्या. उज्ज्वल भुईया यांच्या पीठाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी तोंडावर आहे, तेव्हा वकिलांवर खर्च करण्यापेक्षा पाट्यांवर करा, असा व्यवहारी सल्लाही न्यायालयाने दिला. मुदत संपल्यावर मुंबई महापालिकेने कारवाई सुरू केली आणि पुढे १ मे २०२४ पासून मराठी पाटी नसलेल्या दुकानांना दुप्पट मालमत्ता कर लावण्याचे जाहीर केले. मुंबईबाहेर एवढा कडकपणा क्वचितच दिसला.

वऱ्हाडात या कलमाची खरी अडचण इंग्रजीपेक्षा वेगळीच आहे. येथील बाजारपेठेत मारवाडी, गुजराती, सिंधी, कच्छी व्यापाऱ्यांच्या अनेक पिढ्या गेल्या. त्यांच्या जुन्या पाट्या देवनागरीतच आहेत, पण त्यांची भाषा पुष्कळदा हिंदी असते. कायदा मात्र लिपी आणि भाषा या दोन्ही अटी स्वतंत्रपणे घालतो. दुकानाच्या विशेषनामाचा प्रश्न येत नाही, कारण नाव कोणत्याही भाषेत तेच राहते. ‘क्लॉथ स्टोअर्स’, ‘ज्वेलर्स’, ‘मेडिकल’ हे शब्दही आता मराठी ग्राहकाच्या तोंडी इतके बसले आहेत की, ते देवनागरीत लिहिले म्हणजे कोणी हरकत घेत नाही. पण ‘हमारे यहाँ सभी प्रकार के’ अशी सुरुवात करून खाली लांबलचक यादी दिलेली पाटी देवनागरीत असली तरी मराठी ठरत नाही, हे मान्य करावे लागेल. दुसरी पळवाट अक्षरांच्या वळणाची आहे. मराठी अक्षरे आकाराने बरोबरीची ठेवायची, पण ती फिकट राखाडी रंगात. इंग्रजी मात्र लाल आणि प्रकाशमान. कलमात आकाराचा उल्लेख आहे, रंगाचा आणि उजेडाचा नाही. असे फलक नियमाच्या अक्षराला धरून असतात, हेतूला नव्हे.

पातूरची पाटी

‘मराठी असलीच पाहिजे’ आणि ‘मराठीखेरीज काहीच नको’ ही दोन विधाने एकच आहेत असे मानणाऱ्यांची संख्या कमी नाही. या दोन विधानांतील अंतर किती मोठे आहे, याचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात झाला आणि तो झाला अकोला जिल्ह्यातल्याच एका पाटीवरून. ती पाटी दुकानाची नव्हती, नगर परिषदेची होती. तरीही या निकालातील विचार बाजारपेठेतल्या प्रत्येक फलकाला लागू पडण्याजोगा आहे.

पातूर हे अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. तेथील नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर मराठी नावाखाली तेच नाव उर्दूत लिहिलेले होते. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये नगर परिषदेने ठराव करून ती हरकत बहुमताने नाकारली. १९५६ पासून परिषदेच्या फलकावर आणि कामकाजात उर्दूचा वापर होत आला आहे आणि गावातील बऱ्याच लोकांना ही भाषा समजते, असे कारण देण्यात आले. प्रकरण अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये अर्जदाराच्या बाजूने आदेश दिला. एप्रिल २०२१ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो रद्द केला, आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आयुक्तांचा निर्णय कायम ठेवला.

मध्यंतरी महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण (राजभाषा) अधिनियम, २०२२ हा नवा कायदा झाला आणि वादाला पुन्हा धुमारे फुटले. स्थानिक संस्थांचा कारभार मराठीतच चालला पाहिजे असे हा कायदा सांगतो. मग फलकावर उर्दू कशी, असा प्रश्न उपस्थित करण्यात आला. १० एप्रिल २०२४ रोजी उच्च न्यायालयाने उत्तर दिले की, कारभार मराठीत करण्याची सक्ती म्हणजे फलकावर मराठीसोबत आणखी एक भाषा वापरण्यास बंदी नव्हे. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सुधांशू धुलिया व न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने हेच मत उचलून धरले.

या निकालपत्रातील युक्तिवाद साधा आहे. भाषा म्हणजे धर्म नाही; ती एखाद्या प्रदेशाची, लोकांची असते. उर्दू याच भूमीत जन्मलेली आहे. भाषेचे पहिले काम एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळवणे हे आहे. नगर परिषद ही लोकांच्या रोजच्या गरजा भागवणारी संस्था असल्याने तिची पाटी अधिकाधिक लोकांना वाचता यावी, यात वावगे काही नाही. न्यायालयांच्या रोजच्या भाषेत किती उर्दू शब्द मिसळलेले आहेत, याकडेही निकालाने लक्ष वेधले. वऱ्हाडच्या वाचकाला यासाठी निकालपत्र उघडण्याची गरज नाही. ‘दुकान’ आणि ‘बाजार’, पाटीसाठी घ्यावा लागणारा ‘परवाना’ आणि पाटीवर केली जाणारी ‘जाहिरात’, हे चारही शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आणि कायमचे रहिवासी झाले.

पातूरच्या ठरावातील १९५६ हे साल योगायोगाने वऱ्हाडच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. निजामाच्या राज्यातील हा मुलूख १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. इतक्या राजवटी पाहिलेल्या प्रदेशात पाट्यांच्या भाषा बदलत गेल्या नसत्या, तरच नवल.

आभाळाला टेकलेली पाटी

भाषेवर जेवढी चर्चा होते, तिच्या शतांशानेही पाटीच्या जागेवर होत नाही. वास्तविक दुकानदाराला अधिक महाग पडू शकणारा भाग हाच आहे. अमरावती महानगरपालिका १५ ऑगस्ट १९८३ रोजी आणि अकोला महानगरपालिका १ ऑक्टोबर २००१ रोजी अस्तित्वात आली. दोन्ही शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे आणि त्यातील कलम २४४ व २४५ ही पाट्यांची मुख्य कलमे होत.

कलम २४५ जाहिरातींविषयी आहे. भिंत, इमारत, मोकळी जागा किंवा उभारलेला सांगाडा यांवर जाहिरात लावण्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते. पण ज्या जागेत व्यवसाय चालतो, त्याच जागेवर त्याच व्यवसायाची माहिती देणाऱ्या साध्या फलकाला यातून सूट आहे. काचेच्या खिडकीच्या आत लावलेल्या जाहिरातीलाही आहे. म्हणजे किराणा दुकानावर त्या दुकानाच्या नावाची पत्र्याची पाटी लावली, तर या कलमाखाली परवानगीचा प्रश्न येत नाही. त्याच दुकानावर एखाद्या शीतपेयाच्या किंवा सिमेंटच्या कंपनीने स्वखर्चाने मोठा फलक लावून दिला आणि कोपऱ्यात दुकानाचे नाव लिहिले, तर तो फलक कोणाचा, हा वादाचा विषय होतो. फुकट मिळालेली पाटी पुढे महागात पडते ती अशी. शिवाय ही सूट प्रकाशित जाहिरातींना आणि आकाशचिन्हांना मिळत नाही. पत्र्याची पाटी काढून ग्लो-साइन बसवणाऱ्या दुकानदाराला आपण केवळ रंगरूप बदलले असे वाटते. कायद्याच्या दृष्टीने तो एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलेला असतो.

‘आकाशचिन्ह’ हा शब्द ऐकताना ज्योतिषातला वाटतो, पण तो खास महापालिकेचा आहे. खांब, डांब किंवा सांगाडा यांच्या आधाराने इमारतीवर उभारलेली आणि रस्त्यावरून पाहिले असता जिच्या मागे आभाळ दिसते, अशी जाहिरातवजा अक्षरे वा आकृती म्हणजे आकाशचिन्ह. कलम २४४ अन्वये अशी पाटी आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय उभारता येत नाही आणि ठेवताही येत नाही. ही परवानगी एका वेळी दोन वर्षांहून अधिक काळासाठी दिली जात नाही. ती आपोआप रद्द कधी होते, याची यादी कलमातच आहे आणि ती प्रत्येक इमारत-मालकाने एकदा तरी वाचावी. चिन्हात काही वाढ केली, मग ती अभियंत्याच्या सूचनेवरून मजबुतीसाठी केलेली नसेल तर; त्यात बदल केला तर; त्याचा एखादा भाग अपघाताने वा जीर्ण होऊन पडला तर; ज्या इमारतीवर ते आहे तिच्यात चिन्हाला धक्का लागेल असे बांधकाम केले तर; आणि इमारत रिकामी झाली वा पाडली गेली तर. यांपैकी काहीही घडले की, हाती असलेला कागद निरुपयोगी ठरतो.

तपशीलवार कार्यपद्धतीसाठी राज्याने आधी २००३ मध्ये आणि नंतर मे २०२२ मध्ये जाहिरात व फलक नियंत्रणाचे नियम केले. जाहिरात कर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात विलीन झाला. तेव्हापासून महापालिका घेते ते परवाना शुल्क. त्याला अजूनही सर्रास ‘बोर्डाचा टॅक्स’ म्हटले जाते. रस्त्यावर पुढे निघालेले फलक, पदपथावर उभे केलेले स्टँड आणि विजेच्या खांबांना बांधलेले कापडी वा फ्लेक्सचे तुकडे यांच्याशी सूट-सवलतीचा काही संबंध नाही. ती सरळ अडथळ्याची आणि विद्रूपीकरणाची प्रकरणे आहेत. मालमत्ता विद्रूपीकरणाला आळा घालणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निर्देश दिले, तेही सर्व महापालिकांना व नगर परिषदांना बंधनकारक आहेत. नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स पाहता त्यांचा प्रभाव किती पडला, हे सांगायला नको. दुकानदाराची तक्रार असते की, त्याच्या पाटीला नोटीस मिळते आणि चौकातल्या शुभेच्छांना कोणी हात लावत नाही. ही तक्रार खोटी नाही.

वारा आणि लोखंड

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर भागात वादळी वाऱ्याने एक महाकाय जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. मुंबईत ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना तो फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळे येथे पावसापासून बचावासाठी फलकाखाली थांबलेल्यांपैकी पाच जण दगावले. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेतील फलक काढण्याचे काम चालू असताना सांगाडा रस्त्यावर पडून चौघांचा मृत्यू झाला. यांतील शेवटची घटना विसरली जाते. पाटी उतरवणे हेही चढवण्याइतकेच जोखमीचे काम आहे, हे ती सांगते.

या घटना अवाढव्य होर्डिंगच्या आहेत, दुकानाच्या पाटीला त्यांचे काय, असे कोणाला वाटेल. हिशेब करून पाहावा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. अभियंते वापरतात त्या सूत्रानुसार सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर ५४० न्यूटन, म्हणजे सुमारे ५५ किलो वजनाइतका दाब टाकतो. दहा फूट लांब व तीन फूट रुंद पाटीचे क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस मीटर भरते. तिच्यावर अशा वाऱ्यात दीडशे किलोंचा रेटा येतो. पाटीचे स्वतःचे वजन वीस-पंचवीस किलो असेल, आणि ती विटांच्या भिंतीत लाकडी गुट्टी ठोकून चार स्क्रूंवर लावलेली असेल, तर पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. गच्चीवर उभारलेल्या २० बाय १० फुटांच्या फलकावर हाच रेटा एक टनाच्या घरात जातो.

वऱ्हाडातील हवामान पाट्यांना अनुकूल नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला की फ्लेक्सचे कापड कडक होते आणि घड्यांवर चिरते. मग वळवाच्या पावसाआधीची वावटळ येते आणि अर्धवट फाटलेला फ्लेक्स शिडासारखा फुगतो. पावसाळ्यात भिंतीच्या आत गेलेला बोल्ट गंजतो. तो बाहेरून दिसत नाही. एलईडीच्या पाटीत आणखी एक भर म्हणजे वीज. ओल्या लोखंडी सांगाड्यात उतरलेला प्रवाह शटर उघडणाऱ्या माणसाला पहाटे गाठतो. अर्थिंग आणि गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच या खर्चात काटकसर करणे, हा व्यवहार नाही.

अमरावती-अकोल्यासह राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून अमलात आली. फलकांच्या रचनेसाठी ती राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या दहाव्या भागाकडे बोट दाखवते. सांगाडा वाऱ्याचा भार सोसणारा असावा, त्याने इमारतीचा जिना, खिडकी वा आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट अडवू नये, ही त्यातील मुख्य सूत्रे. मोठ्या फलकांसाठी संरचना अभियंत्याचे स्थिरता प्रमाणपत्र मागितले जाते. घाटकोपरच्या दुर्घटनेनंतर राज्य सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची एकसदस्यीय समिती नेमली आणि सर्वत्र फलक-तपासणीचे आदेश निघाले. या तपासण्यांचा रोख स्वाभाविकच मोठ्या होर्डिंगवर राहतो. दुकानाच्या माथ्यावरची पाटी पाहण्यासाठी शिडी लावून कोणी चढत नाही.

पूर्वी ही पाहणी नकळत होत असे. पत्र्याची पाटी रंगवणारा पेंटर दर दोन-तीन दिवाळ्यांनी शिडी घेऊन येई. अक्षरांवरून कुंचला फिरवता फिरवता खिळा सैल झाला आहे, पत्रा कुजला आहे, हे त्याच्या हाताला कळे आणि तो मालकाला सांगे. फ्लेक्स छापणाऱ्या यंत्रांनी ही माणसे बाजारातून हटवली. आता जुना फ्लेक्स न काढता त्याच्यावरच नवा ताणला जातो, आणि कित्येक पाट्यांच्या पोटात भाड्याने आलेल्या आणि निघून गेलेल्या तीन-चार दुकानांची नावे एकावर एक दडलेली असतात. सांगाडा मात्र पहिल्याच दुकानदाराने लावलेला. तो कोणाच्या मालकीचा, याचा उल्लेख भाडेकरारात क्वचितच आढळतो. भाडेकरू म्हणतो, आम्ही आलो तेव्हा तो होताच. घरमालक म्हणतो, पाटी दुकानाची, आमची नाही. नोटीस आल्यावर हा प्रश्न सुटतो. पण अपघात त्याआधी झाला तर तो न्यायालयात जातो. नवा करार लिहिताना सांगाड्याची मालकी, देखभाल आणि दुकान सोडताना तो उतरवण्याची जबाबदारी कोणाची, या तीन ओळी घालण्यास वेगळे शुल्क पडत नाही.